शान्सी

शान्सी : उत्तर चीनमधील एक डोंगराळ प्रांत. क्षेत्रफळ सु. १,५६,००० चौ. किमी. लोकसंख्या ३,४९,१५,६१६ (२०२०). राजधानी ताययुआन. ‘पर्वताच्या पश्चिमेचा प्रदेश’ हा नामार्थ पूर्वसीमेवरील ताइहांग पर्वतश्रेणीला अनुलक्षून आहे. पश्चिमेस ह्वांग हो नदी व तीपलीकडे शेन्सी प्रांत असून उत्तरेस अंतर्गत मंगोलिया आहे. बराचसा भाग पठारी असून त्यावर लोएस मातीचे जाड थर आढळतात. फन ही प्रांतातील प्रमुख नदी. हिवाळा कडक व कोरडा असून पाऊस मुख्यत्वे उन्हाळ्यात पडतो. त्यामुळे मे ते ऑक्टोबर हा काळ प्रवासास सोयीचा ठरतो.

प्राचीन काळी येथे जिन राज्य होते. उत्तर वेई वंशाची राजधानी इ. स. ३९८ ते ४९४ या काळात हल्लीच्या दातुंगजवळ होती. तेथील युनगांग लेण्यांत २५२ गुहा व सु. ५१,००० मूर्ती असून त्यांवर भारतीय, विशेषतः गांधार शैलीची छाया दिसते. इ. स. ३९९ मध्ये भारतयात्रेस निघालेला फाहियान हा याच प्रांतातील होय.

मंजुश्रीचे स्थान मानला गेलेला वूताय पर्वत (सु. ३,०६० मी.) हे बौद्धांचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. त्याच्या परिसरातील नानचान मंदिर (७८२) व फोग्वांग मंदिराचा पूर्व मंडप (८५७) या चीनमधील अतिप्राचीन लाकडी वास्तू होत. दुर्गम स्थान व कोरडी हवा यांमुळे त्या टिकल्या. वास्तुविशारद ल्यांग स्स-छंग व लिन ह्वेईयिन यांनी १९३७ मध्ये तुळयांवरील लेखांच्या आधारे फोग्वांगचा काळ निश्चित केला. यिंगश्येन येथील १०५६ मधील लाकडी पॅगोडा सु. ६७ मी. उंच आहे, तो कलल्याने पर्यटकांना वरच्या मजल्यांवर जाऊ देत नाहीत. कड्याला बिलगलेले हंगशानचे झुलते मंदिर, ह्वांग हो नदीवरील हूखौ धबधबा आणि तटबंदीचे फिंगयाव नगर हीही प्रेक्षणीय स्थळे आहेत. फिंगयाव येथे १८२३ च्या सुमारास हुंडी व्यवहाराची पहिली पेढी निघाली.

दगडी कोळसा हा प्रांताच्या अर्थव्यवस्थेचा कणा. परंतु त्याच्या धुळीने युनगांगच्या मूर्तींना हानी पोहोचू लागल्याने कोळसा वाहतुकीचा महामार्ग लेण्यांपासून दूर वळवावा लागला. ऑक्टोबर २०२१ मधील अतिवृष्टीत फिंगयावच्या तटाचा काही भाग कोसळला व अनेक प्राचीन वास्तूंना गळती लागली. ज्या कोरड्या हवेने हा वारसा जपला, तिच्यावर यापुढे सर्वस्वी विसंबता येणार नाही, हे यावरून स्पष्ट झाले.