मनगटाची परीक्षा

डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या सीमेला टेकलेल्या लाटंबार्सेत जूनमध्ये पाऊस धरला की कपडे वाळेनासे होतात, जळण ओलं राहतं आणि पोरं शिंकू लागतात. मग परसातून पानओव्याची दोन पानं खुडून येतात. ते जाड, लवदार पान तव्यावर क्षणभर धरलं की मऊ पडतं, वास घरभर सुटतो, आणि मुठीत पिळलं की जेमतेम काही थेंब हिरवट रस निघतो. त्याच तव्यावर चमचाभर ओवा भाजतात. तो तडतडला की सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करतात. शेकणारी बाई ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते, चटका बसत नाही याची खात्री करते आणि मगच मुलाच्या छातीपाठीवरून फिरवते. या साऱ्या उपचारात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही मनगटाची परीक्षा, आणि ती शेकण्यापुरती न ठेवता प्रत्येक घरगुती उपायाला लावायला हवी.

सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक मुलांत आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. कोणताही काढा त्या विषाणूला मारत नाही. म्हणून उपाय निरर्थक ठरतो असं मात्र नाही. मुलाला झोप लागणं, दूध पिता येणं, घसा निवणं हाही उपचारच आहे. 2007 साली अमेरिकेत 105 मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी दिलेल्या मधाने रात्रीचा खोकला काहीच न देण्यापेक्षा अधिक कमी झाल्याचं पालकांनी नोंदवलं. स्कॉटलंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये मांडले गेले: मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घातलेल्या मुलांची सर्दी आठऐवजी सहा दिवसांत आटोपली. पण तोच मध वर्षाखालच्या बाळाला चाटवला तर त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. एका वयाला चालणारी गोष्ट दुसऱ्या वयाला घातक ठरते, ती अशी.

याच कसोटीवर काही जुन्या सवयी टिकत नाहीत. तान्ह्याच्या नाकात तेल सोडलं की ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर आकडी येते. लहान बाळाच्या अंगाला तो चोळणंही टाळावं. ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी द्यायची म्हणजे आधीच सुजलेल्या श्वासमार्गात धूर भरायचा, आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असताना तर तो घरातच कोंडतो. वाफेसाठी ठेवलेलं उकळतं पातेलं कलंडून मुलं भाजतात. त्यामानाने वाफेचा लाभ सिद्ध झालेला नाही. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: आम्ही याच्यावरच वाढलो. पण हे सांगायला जे वाढले तेच उरलेले असतात. ज्या काळात घरोघरी एखादं मूल दगावत असे, त्या काळातलं कोणतं मूल कशाने गेलं याची नोंद कुणी ठेवली नव्हती.

मग सरळ दुकानातून सिरप आणावं, असं म्हणणाऱ्यांनी 2025 आठवावं. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, असं बजावलं. शुद्ध सिरपानेही इतक्या लहान मुलांचा फारसा फायदा होत नाही. त्यामुळे घरगुती की दुकानातलं हा वाद मला खरा वाटत नाही. किती, कोणत्या वयाला आणि कशासाठी, हे दोन्हीकडे विचारावंच लागतं.

घरच्या उपचाराचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो तो वेगळाच: शेकणारं माणूस मुलाजवळ बसतं आणि त्याची छाती बघतं. तेव्हा मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पाच वर्षांखाली 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा बाळ अंगावर पिईनासं झालं, तर पुरचुंडी बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी डिचोलीचं आरोग्य केंद्र गाठा.