चर्चचं दार नेमकं कोणाला बंद?

वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. शेजारी काय शिजलंय ते इथे लपत नाही, पण शेजाऱ्याच्या धर्माबद्दलची माहिती मात्र बहुधा ऐकीव असते. कॅथलिकांबद्दल तर काही वाक्यं ठरूनच गेली आहेत: घटस्फोट झाला की चर्चमधून काढतात, आत्महत्या केली तर चर्चचा अंत्यविधी मिळत नाही, समलिंगी असेल तर पायरीही चढू देत नाहीत आणि त्यांच्यात जात नसते. ही वाक्यं खुद्द कॅथलिक घरांतही ऐकू येतात. यातल्या पहिल्या तिन्ही दारांना वाटतं तसं कुलूप नाही. अडतं ते चौथ्या ठिकाणी, आणि तिथे सगळे दार सताड उघडं असल्याचं समजतात.

आत्महत्येचा समज निराधार नाही, शिळा आहे. १९१७च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या नव्या संहितेत अंत्यविधी कोणाला नाकारावेत याची यादी आहे, पण त्यातून आत्महत्या वगळली गेली. कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, सांगतो की तीव्र मानसिक त्रास किंवा भीती असेल तर माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांसाठीही चर्च प्रार्थना करतं. नियम बदलून चाळीस वर्षं उलटली, तरी घरात मृत्यू झाला की फादरांना काय सांगायचं याची कुजबुज आधी सुरू होते.

अविवाहित आईच्या मुलाला बाप्तिस्मा मिळत नाही, ही अशीच एक समजूत. नियमाला आई किंवा वडील यांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा एवढंच लागतं. नोंदवहीत नाव कसं लिहायचं याचं कलमही आहे. आईची ओळख जाहीर असेल किंवा तिने स्वतः लेखी अथवा साक्षीदारांसमोर तशी मागणी केली, तर तिचं नाव लिहायचं. बापाचं नाव मात्र पितृत्वाचा पुरावा असेल तरच. प्रश्न पडतो तो कचेरीच्या टेबलापलीकडचा माणूस हे कलम वाचलेला आहे का, इथे.

घटस्फोटाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कोर्टातून घटस्फोट घेतला म्हणून कोणी चर्चबाहेर जात नाही, आणि केवळ तेवढ्यावरून त्याचा ख्रिस्तप्रसादही (कम्युनियन) बंद होत नाही. अडचण पहिला विवाह चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरा संसार मांडला की येते. तेव्हाही माणूस चर्चचाच राहतो. दुसरं लग्न केलेल्यांना आपण तुटलेले आहोत असं वाटू देऊ नका, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्येच लिहून ठेवलं, पण ख्रिस्तप्रसादावरचा निर्बंध तसाच ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये विवाह मुळात वैध नव्हता हे ठरवण्याची प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या न्यायपीठाची सक्तीची मोहोर त्यात गेली. २०१६ मध्ये त्यांनी अशा जोडप्यांना धर्मगुरूंनी एकेकाची परिस्थिती पाहून साथ द्यावी असं सांगितलं. त्यावर बिशपांमध्ये वाद झाले, ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत.

समलिंगी व्यक्तींबाबतची गोष्ट थेट मुंबईत घडली. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीर भूमिका घेतली: चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध आहे, पण समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवण्यालाही विरोध आहे. देशातले अनेक धर्मपुढारी निकालाचं स्वागत करत असताना हे बोलणं सोपं नव्हतं. ते कलम न्यायालयाने पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं.

म्हणून चर्चने समलिंगी लग्नाला मान्यता दिली, असं सांगणारेही चुकतात. कॅटेकिझम या व्यक्तींना आदराने, सहानुभूतीने वागवायला सांगतो आणि अन्याय्य भेदभाव टाळायला सांगतो, पण समलिंगी संबंध चुकीचे ठरवणारा उतारा त्याच्याच आधी आहे. डिसेंबर २०२३च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने समलिंगी जोडप्यांना धर्मगुरूने छोटा, अनौपचारिक आशीर्वाद द्यायला हरकत नाही असं म्हटलं, मात्र तो लग्नासारखा दिसता कामा नये ही अट घातली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तीला इतरांप्रमाणेच बाप्तिस्मा घेता येतो, असं उत्तर प्रसिद्ध झालं. त्यालाही लोकांत गोंधळ माजता कामा नये अशी पुरवणी आहेच. स्वागत आहे, पण अटींसकट, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

आता जात. ‘ख्रिस्ती झाला म्हणजे जात गेली’ हे वाक्य आंबेडकरांना मानणाऱ्या बीडीडीत टिकायलाच नको, कारण धर्मांतरितांची अवस्था डॉ. आंबेडकरांनी स्वतः तपासून लिहिली आहे: ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्यता सुटत नाही. तामिळनाडूत काही गावांत दलित कॅथलिकांची स्मशानभूमीही वेगळी राहिली. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमधली अस्पृश्यता मान्य केली आणि ती गंभीर सामाजिक पाप असल्याचं म्हटलं. त्याच धोरणातल्या आकड्यांनुसार देशातल्या १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी सुमारे १ कोटी २० लाख दलित, पण १७१ बिशपांपैकी दलित फक्त १२. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, नेमला गेला २०२२ मध्ये.

हे झालं चर्चचं. सरकारी दार आणखी वेगळं. अनुसूचित जातींत कोण मोडतं हे ठरवणाऱ्या १९५०च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारे सुसाई धर्मांतराआधी आदि-द्रविड होते. चांभारांना मोफत मिळणारी टपरी त्यांना नाकारली गेली, कारण ते ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली: धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच राहतो, याचा पुरेसा पुरावा पुढे आलेला नाही, हे कारण. हाच प्रश्न तपासायला केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.