योसेमिटीच्या ३८७ जागा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात २०२४मध्ये सुमारे ४१ लाख लोक येऊन गेले. त्यातले बहुतेक जण ज्या अकरा-बारा किलोमीटर लांबीच्या दरीसाठी येतात, तिथे गाडी शेजारी उभी करून तंबू ठोकता येईल अशी तीन कॅम्पग्राउंड आहेत. अप्पर पाइन्समध्ये २३५ जागा, लोअर पाइन्समध्ये ७३, नॉर्थ पाइन्समध्ये ७९. बेरीज ३८७. एका जागेवर जास्तीत जास्त ६ माणसं चालतात, म्हणजे एकही जागा रिकामी न राहता, प्रत्येक तंबू गच्च भरला तरी रात्रीला २,३२२ डोकी. उद्यानात येणाऱ्यांची रोजची सरासरी मात्र ११ हजारांच्या वर आहे, आणि त्यात बर्फातले निवांत महिनेही धरलेले आहेत. (कॅम्प ४ हे दरीतलंच चौथं ठिकाण, पण ते गिर्यारोहकांचं. सामान उचलून न्यायचं आणि जागा अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची.)

जागा पूर्वी जास्त होत्या. जानेवारी १९९७मध्ये मर्सेड नदीला पूर आला आणि तिच्या काठची अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड बंद झाली. पाहुणे वाढत गेले, जागा घटल्या. त्यातून एका रात्रीचं भाडं फक्त ३६ डॉलर, तेही अख्ख्या जागेचं. त्याच दरीतल्या अहवानी हॉटेलात उन्हाळ्यात एका खोलीला ५०० डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. इतक्या स्वस्तात इतकी मोक्याची जागा मिळत असेल तर तिथे पैशांची नाही, वेळेची स्पर्धा लागणार हे उघड आहे. म्हणून सहलीच्या तयारीत तंबू कुठल्या कंपनीचा, गादी हवेची की फोमची, या चर्चेत जाणारा वेळ मला वाया गेलेला वाटतो. सहल ठरते ती कॅलेंडरवर.

ते कॅलेंडर असं चालतं. आरक्षण रेक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता उघडतं आणि एका फटक्यात महिनाभराच्या तारखा खुल्या होतात. १५ जुलै ते १४ ऑगस्टसाठी ती तारीख १५ मार्च. तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे सॅन होजेतल्या मुलाबरोबर पुण्यातले बाबाही संगणकासमोर बसू शकतात. फक्त एक अट आहे: ज्याच्या नावावर आरक्षण, त्याने किंवा आरक्षणात पर्यायी म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीने ओळखपत्रासह हजर व्हावं लागतं. येणारच नसलेल्या काकांच्या नावावर जागा अडवून उपयोग नाही.

शनिवारचा हट्ट सोडला तर शक्यता लगेच वाढते. हुकलंच, तर रद्द होणाऱ्या जागांवर डोळा ठेवावा. रद्द करण्याचा दंड १० डॉलर, पण आदल्या दिवसापर्यंत थांबलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून मुक्कामाच्या दोन-चार दिवस आधी जागा सुटत राहतात.

आता खर्च. दोन रात्रींचे ७२ डॉलर आणि गाडीचं प्रवेशशुल्क ३५, एकूण १०७. भारतातून आई-बाबा आले असतील तर मात्र थांबा. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेतल्या ११ गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत, १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना वार्षिक पास नसल्यास माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. योसेमिटी त्या यादीत आहे. दोघांचे २०० डॉलर म्हणजे मुक्काम आणि गाडी मिळून होणाऱ्या खर्चाच्या जवळपास दुप्पट! पासाचे नियम घरी बसूनच वाचावेत, फाटकावर नव्हे.

आपल्या लोकांच्या सामानात खाणं जास्त असतं, म्हणून अस्वलांचे आकडेही पाहायला हवेत. १९९८मध्ये योसेमिटीत अस्वलांच्या उपद्रवाच्या १,५८४ घटना नोंदल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरहून जास्त नुकसान झालं. गाड्यांची दारं उचकटली गेली ती आत राहिलेल्या खाऊसाठी. त्यानंतर पोलादी पेट्यांची सक्ती कडक झाली आणि उपद्रव झपाट्याने घटला. प्रत्येक जागेवरच्या पेटीची मापं साधारण ११४ सेंटिमीटर रुंद, ८४ खोल आणि ४६ उंच. लोणच्याची बरणी, चिवडा, रिकामा डबा, साबण, टूथपेस्ट, वासाचं सगळं तिच्यातच जायला हवं. म्हणून कूलर विकत घेण्याआधी टेपने मोजा. नियम मोडला तर दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

दरीची उंची १,२०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जरा कमीच. जुलैत दुपारी पारा ३२ अंशांवर जातो, पहाटे १४ वर येतो. वरच्या तुओलमी मेडोजचं गणित वेगळं. ते २,६०० मीटरवर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ हजार मीटर उंच. जुलैतही पहाटे ४ अंश. तिथलं ३०४ जागांचं कॅम्पग्राउंड दुरुस्तीसाठी २०२२पासून बंद होतं, ते २०२५मध्ये पुन्हा उघडलं. थंडी सोसणारी, धडधाकट मंडळी असतील तर भर उन्हाळ्यात मी दरीपेक्षा तुओलमीच निवडेन. बरोबर सत्तरीचे आई-बाबा असतील तर दरीच बरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये नको. योसेमिटी फॉल्स मे-जूनमध्ये भरात असतो आणि ऑगस्टपर्यंत बहुधा आटतो. १५ मे ते १४ जूनच्या तारखा १५ जानेवारीला उघडतात, भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला.