आरीसारखी गोगलगाय आणि तिचं दांडगं कूळ

गुलमंडीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात कुंडी हलवून पाहा. खालच्या ओल्या मातीत सेंटिमीटरभर लांबीचे, फिकट पिवळसर, टोकदार शंख दिसण्याची दाट शक्यता आहे. ही अ‍ॅलोपियस ग्रॅसिले. थॉमस हटन यांनी 1834 मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. तिच्या जुन्या कुळाचं नाव सब्युलिनिडे. लॅटिनमध्ये सब्युला म्हणजे कातडं टोचायची आरी, आणि शंख तसाच दिसतो.

आता शेताकडे वळू. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांनी पेरलेलं सोयाबीन उगवताच रातोरात फस्त झालं. खाणारी होती शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची, शंख 20 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, एका वेळी शंभरावर अंडी घालणारी. 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून काही गोगलगायी आणून कोलकात्यात चौरंगीच्या बागेत सोडल्या. इतका महाग पडलेला छंद क्वचितच असेल! या शंखीचं कूळ अकॅटिनिडे.

कुंडीतली आरी आणि शेतातली ही दांडगी, दोघींची कुळं शास्त्रज्ञ दीर्घकाळ वेगळी मानत. पण शंखाचा आकार राहणीप्रमाणे घडतो, त्यावरून नातं ठरत नाही. मातीच्या फटींत शिरणाऱ्या जिवाला सडपातळ शंख सोयीचा. फोंटानिला, नॅग्ज आणि वेड यांनी 2017 मध्ये जनुकं ताडून पाहिली, तेव्हा सब्युलिनिडे हे एकसंध कूळच नाही असं दिसलं. आज ते अकॅटिनिडेचं उपकूळ मानतात. म्हणजे या दोघी एकाच घरच्या.

सह्याद्रीतली अ‍ॅरिओफँटा लेव्हिपेस मात्र वेगळ्या, अ‍ॅरिओफँटिडे कुळातली. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवीकडे वळतात, हिचा डावीकडे. ती इथलीच, आपल्या जंगलाची. शंखी गोगलगाय मारण्याच्या मोहिमेत तिचा बळी जाणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून मीठ टाकण्याआधी शंख पाहा. लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा आणि बोटाहून मोठा असेल, तर ती शंखी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरा, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालायला विसरू नका. तिच्या अंगात मेंदूला सूज आणणारा कृमी असू शकतो.