धर्मादा खात्याची शिल्लक

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी आमची जुनी गादी नव्या जागेत हलवायची ठरली. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या पेठेतले हे भुसार मालाचे दुकान. आजोबांनी मांडले, वडिलांनी व काकांनी वाढवले आणि आता माझ्या पिढीकडे आले. पोटमाळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे निघाले. रद्दीवाला दाराशी उभाच होता. सहज म्हणून एक खतावणी उघडली, तर आरंभीच आजोबांच्या वळणदार अक्षरात खाते होते : ‘श्री धर्मादा खाते’.

जमेच्या बाजूस रोजच्या उलाढालीतून निघालेल्या आण्या-पैशांच्या बारीक रकमा. नावे बाजूस पांजरपोळासाठी कडबा, वेशीजवळच्या पाणपोईस दोन रांजण, वसतिगृहातील मुलांसाठी वह्या, एका बेवारस प्रेताच्या अंत्यविधीसाठी सरपण. हा शेवटचा खर्च वाचताना मी बराच वेळ थांबलो. त्या माणसाचे नाव आजोबांनाही ठाऊक नसावे, कारण तिथे फक्त ‘परगावचा इसम’ एवढेच लिहिले होते.

पुढच्या वह्या चाळू लागलो, तशी नावे बाजू विरळ होत गेली. आजोबा गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी ती पूर्णच थांबली. जमा मात्र चालू होती. दर पाडव्याला ‘मागील बाकी पुढे’ असे लिहून रक्कम नव्या वहीत येत होती. मग दुकानात संगणक आला आणि त्याच्या खात्यांच्या यादीत धर्मादा नव्हता. मी वडिलांना विचारले, “हे पैसे गेले कुठे?”

“जातील कुठे? दुकानातच आहेत,” ते म्हणाले.

यात लबाडी नव्हती. वडिलांनी आयुष्यात कोणाची पै बुडवली नाही. परंतु त्या दोन शब्दांत आपल्या पेठांतील एका सुंदर रूढीचा ऱ्हास कसा झाला, ते सारे आले आहे. म्हणून घरची गोष्ट असूनही ती येथे मांडतो आहे.

धर्मादा म्हणजे काय, हे आपल्या घरांतील तरुण मुलांना आता सांगावे लागते. मालाच्या किमतीबरोबर पोत्यामागे किंवा शेकड्यामागे अगदी थोडी रक्कम बिलात वेगळी लावायची आणि ती धर्मकार्यासाठी बाजूला ठेवायची, ही व्यापारी पेठांची जुनी चाल. हे दुकानदाराचे दान नव्हे, कारण पैसा गिऱ्हाइकाचा असतो. ते एकट्या गिऱ्हाइकाचेही नव्हे, कारण जमवण्याची, जपण्याची आणि योग्य ठिकाणी पोहोचवण्याची मेहनत दुकानदाराची असते. देणाऱ्याला भार जाणवत नाही आणि गावाचे एखादे काम उभे राहते. दुकानदार आणि खरेदीदार या दोघांनी मिळून गावाचे ऋण फेडण्याचा याहून साधा मार्ग मला तरी माहीत नाही.

या थेंबांतून केवढे काम उभे राहू शकते, याचे मुंबईतील उदाहरण सर्वांना परिचित आहे. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरच्या परिसरात पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी आणि एक जैन असे दोन व्यापारी त्यासाठी एकत्र आले. त्याच्या खर्चासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर लागा बसवून घेतला. म्हणजे मुंबईत उतरलेल्या मालाच्या व्यवहारातून मुक्या जनावरांच्या वैरणीची सोय झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ जमवला आणि त्यातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तो धर्मादा नव्हता. पण अल्प रकमेवरचा विश्वास तोच होता.

आता कायद्याचे. आपल्यापैकी अनेकांना वाटते की धर्मादा ही केवळ रूढी आहे, पाळली तर पाळली. तसे नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता नावात ‘महाराष्ट्र’ आले आहे) याच्या कलम ५४ मध्ये धर्मादा नावानिशी आला आहे. व्यापाराच्या रूढीप्रमाणे धर्मकार्यासाठी म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने असते, असे ते कलम सांगते. शिवाय हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावयाचा असतो. पेठेतील किती दुकाने तो देतात, हा प्रश्न मी मुद्दामच विचारत नाही. आमचे दुकान देत नव्हते.

हाथरसच्या एका सूतगिरणीच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट केले की गिऱ्हाइकांकडून धर्मादा म्हणून आलेली रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. ती धर्मकार्यासाठी राखलेली ठेव आहे. आपल्या संगमनेरच्या एका उत्पादकाच्या प्रकरणात २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने मालासोबत घेतलेला धर्मादा हा मालाच्या किमतीचा भाग नाही, असे ठरवले आणि त्यावरील उत्पादन शुल्काची मागणी टिकली नाही. या निकालांनी व्यापाऱ्यांना दिलासा मिळाला, हे खरे. पण त्या दिलाशाची दुसरी बाजू आपण क्वचितच वाचतो. ती रक्कम माझे उत्पन्न नाही, म्हणून कर नाही. मग ती माझे भांडवलही नाही! ‘दुकानातच आहेत’ या उत्तरातली चूक नेमकी इथे आहे. आणखी एक सवय बोलून दाखवतो, राग नसावा. धर्मादाच्या पैशातून देणगी द्यायची, पावती स्वतःच्या नावाने घ्यायची आणि तिच्यावर करसवलतही मागायची, हे दुसऱ्याच्या ताटातले वाढून स्वतःच्या नावाने पंगत घालण्यासारखे आहे.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक कामासाठी सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्चाचे बंधन घातले. आपल्या पेठेतील दुकाने त्या मर्यादेच्या जवळपासही येत नाहीत. त्यांच्याकडे आहे तो धर्मादा.

आपल्या समाजाला हा विचार परका नाही. मंदिरात बोली घेतली, तर तिची रक्कम भरेपर्यंत जिवाला चैन पडू नये, हे आपल्या आईवडिलांनी शिकवले. देवद्रव्याचा पैसा दुसऱ्या कामात वापरायचा नाही, हेही लहान मुलाला कळते. परंतु तेच हात धर्मादाच्या बाबतीत सैल का पडतात? मला वाटते, बोली चारचौघांत होते आणि धर्मादा कोणालाच दिसत नाही. दुकानदार विसरतो, गिऱ्हाईक विचारत नाही आणि रक्कम इतकी लहान असते की विचारायला संकोच वाटावा.

रूढीचा दोष केवळ विस्मरणाचाच होता असेही नाही. माल विकायला येणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतूनही अनेक बाजारांत हमाली-तोलाईच्या बरोबरीने धर्मादा कापला जाई, आणि त्याला कोणी विचारत नसे. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ झाली. कारंजा हे आपल्या समाजाचेही जुने केंद्र, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो. पुढे १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने बाजारांतील अवांतर कपातींवर टीका केली. न विचारता कापलेल्या पैशातून पाणपोई झाली, तर तहान भागते हे खरे. पण ते दान कोणाचे?

आमच्या घरी या खतावणीवरून तीन रात्री बैठक चालली. मुद्दलाबद्दल वाद नव्हता. शेवटची बाकी स्पष्ट लिहिलेली होती आणि ती बाहेर काढायची यावर सर्वांचे एकमत होते. प्रश्न व्याजाचा होता. धाकटे बंधू म्हणाले, बँकेतील बचत खात्याचा दर लावू. माझ्या सुनेने आकडेमोड करून तसा तक्ताही मांडला. काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “शेतकऱ्याला उचल देताना आपण कोणता दर लावत होतो? तोच लावा. आपणही हे पैसे उचलच घेतले होते.” त्या दराने आकडा इतका फुगला की नव्या जागेतील फर्निचर त्या वर्षापुरते थांबवावे लागले. सुनेने पुन्हा तक्ता मांडला. मी कबूल करतो, मला तो दर जड वाटला होता.

रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकली. आमच्या करसल्लागारांना घेऊन हिशेब रीतसर दाखल करण्याची व्यवस्था केली. खर्चाचा पहिला मान पेठेतल्या हमालांच्या मुलांना दिला. ज्यांच्या पाठीवरून ती पोती गेली, त्यांच्या घरातील तीन मुले तालुक्याबाहेर शिकत होती. त्यांच्या खानावळीचे पैसे थेट खानावळीत भरले. पांजरपोळाचा कडबा पुन्हा सुरू केला.

मग पुढचे ठरवले. धर्मादा चालू ठेवायचा, पण विचारून. बिलावर शेवटी एक ओळ येते आणि गिऱ्हाईक नको म्हणाले की ती काढून टाकायची. शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र धर्मादा नाही म्हणजे नाही. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर फळा लावला. त्यावर महिन्याची जमा, महिन्याचा खर्च आणि शिल्लक खडूने लिहिली जाते. छापील पाटी नको असा आग्रह काकांचाच, कारण छापलेले वर्षभर तसेच राहते. खडूने लिहिलेले दर महिन्याला पुसावे लागते, म्हणून हिशेबही करावाच लागतो.

गिऱ्हाइकांचे वागणे पाहून मी थोडा चकित झालो. पहिल्या आठवड्यात एका शिक्षिका बाईंनी ती ओळ काढायला सांगितली. आम्ही काढली. त्यांनी फळा वाचला, पुढच्या महिन्यात पुन्हा वाचला आणि विचारले, “खानावळीची पावती दाखवाल का?” दाखवली. आता त्यांच्या बिलात ओळ असते आणि प्रश्नही असतात. मला असे गिऱ्हाईक हवे आहे. खरेदीदाराने गावासाठी करण्यासारखे मोठे काम कोणते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, रुपया देण्याआधी त्याचा हिशेब मागा. हिशेब मागणारा एक माणूस दुकानदाराला दहा प्रवचनांपेक्षा जास्त सरळ ठेवतो. (प्रवचनकारांनी क्षमा करावी.)

पूर्वी सुट्या पैशांचाही एक मार्ग होता. रुपया-दोन रुपये परत द्यायला नसले की दुकानदार गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवी, काही जण ते गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायला सांगत. आता भ्रमणध्वनीवरून पैसे येतात ते पैशापर्यंत अचूक, त्यामुळे डबे रिकामे झाले आणि बहुतेक दुकानांतून निघूनही गेले. घरपोच माल आणून देणाऱ्या दूरच्या कंपन्यांच्या बिलात आपल्या वेशीजवळची पाणपोई येण्याचा तर प्रश्नच नाही. त्यांच्याकडून घेऊ नका, असे मी सांगणार नाही. माझ्या घरीही त्यांच्या पेट्या येतात. पण महिन्याचे धान्य, कापड, औषधे यांपैकी काही तरी ज्याच्या दुकानाचा फळा आपण चालत जाऊन वाचू शकतो, त्याच्याकडून घ्यावे, एवढे मात्र म्हणतो. आणि त्या दुकानात फळाच नसेल, तर तो लावायला सांगावा.

अजून एक गोष्ट राहिली आहे आणि तिचे उत्तर माझ्याजवळ नाही. गेल्या माघात शेजारच्या गावचे एक वृद्ध शेतकरी ज्वारी घेऊन आले होते. त्यांनी नातवाकडून फळा वाचून घेतला आणि वडिलांना म्हणाले, “मालक, आमच्या पट्टीतनं बी कापायचे की. त्यो धर्म कुणाच्या नावावर लिवलाय?”

दुकानात चार माणसे होती. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, गादीवर फारसे बसत नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना शेजारी बसवून घेतले, चहा मागवला आणि मला जुनी खतावणी काढायला सांगितली. पाहुण्यांना वाचता येत नव्हते, म्हणून वडील मोठ्याने वाचू लागले. कडबा, रांजण, वह्या, परगावच्या इसमाचे सरपण. ते मान हलवत ऐकत होते. मग पुढच्या पानांवर नावे बाजू कोरी लागली. वडील थांबले नाहीत. जमेच्या रकमा तेवढ्या, एकेक करून, वाचत राहिले.