उसनवारीचा हंगाम
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

जमाखर्चाच्या तासाला सरांनी एकदा विचारले होते, कन्साइनमेंटवर आलेला माल कोणाचा? माल दुकानात असतो, विकतोही दुकानदार. पण मालकी धाडणाऱ्याचीच. हे उत्तर मला पाठ होते. समजले मात्र एका अमेरिकन कॉलेजच्या फुटबॉल संघाची हकिगत वाचताना.

आधी खुलासा करतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा तो पुढे फेकायचा. प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पाडायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आले नाही तर चेंडू गेला. अकरा दणकट गडी हवेत आणि जायबंदी होणाऱ्यांच्या जागी आणखी तेवढेच. लहान कॉलेज इथेच मार खाते.

कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनचे 'कॉलेज ऑफ द पॅसिफिक' असेच लहान. प्रशिक्षक होते ॲमॉस अलोन्झो स्टॅग. शिकागो विद्यापीठाचा संघ त्यांनी १८९२ पासून चाळीस वर्षे सांभाळला. सत्तरी आली तेव्हा नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त करण्यात आले. म्हातारबोवा घरी बसले नाहीत, १९३३ साली पॅसिफिकला आले. (शिकागोने १९३९ नंतर हा खेळच सोडला. स्टॅग यांचे नाव दिलेल्या तिथल्या मैदानाच्या प्रेक्षागारांखाली २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुशृंखला घडवली. खेळाच्या जागेवर युद्धाने असाही ताबा घेतला!)

१९४३ साली तरुण सैन्यात गेल्याने अनेक कॉलेजांचे संघ बंद पडले. स्टॅनफर्ड, अलाबामा यांसारख्या नामांकितांनाही त्या वर्षी संघ उभा करता आला नाही. मग पॅसिफिकचे कसे निभावले? त्याच जुलैत नौदलाने अधिकारी तयार करण्यासाठी 'व्ही-१२' योजना सुरू केली. निवडलेल्या मुलांनी गणवेशात राहायचे, नौदल सांगेल त्या कॉलेजात शिकायचे. लष्कराने आपल्या प्रशिक्षणार्थींना आंतर-कॉलेज सामन्यांत खेळायला मनाई केली होती. नौदलाने मुभा दिली. पॅसिफिकच्या वाट्याला अशी एक तुकडी आली आणि कालपर्यंत दुसऱ्या कॉलेजांकडून खेळणारी मुले स्टॅग यांच्या हाताखाली आली.

आता खातेवही पाहा. १९४२ : नऊ सामने, विजय दोन. १९४३ : नऊ सामने, विजय सात! कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि यूसीएलए हे दोन्ही बलाढ्य संघ हरले; सदर्न कॅलिफोर्नियाशी हार झाली तीही अवघ्या ०–६ अशी. देशाच्या क्रमवारीत पॅसिफिक एकोणिसावे आले, आणि प्रशिक्षकांच्या संघटनेने एक्क्याऐंशी वर्षांच्या स्टॅगना वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक निवडले. १९४४ : अकरा सामने, विजय तीन. १९४५ : अकरा सामने, एक बरोबरीत, विजय शून्य. प्रशिक्षक तेच, कॉलेज तेच. माल तेवढा बदलला.

कन्नड विभागातला माझा मित्र म्हणतो, मग ते यश खोटेच. मला तसे वाटत नाही. हरलेल्या बड्या विद्यापीठांतही नौदलाची मुले होतीच. उसनवारी सर्वांची होती; आलेल्या मालाचे काय केले, यावरच दलालाचे कमिशन ठरते. आणि ते स्टॅगनी रास्त कमावले, असे माझे मत आहे.

मला छळते ती मालकीची नोंद. धनी केव्हाही माल परत मागवू शकत होता. नोत्र दामचा खेळाडू बर्टेली सहाच सामने खेळला आणि मरीन दलाने त्याला बोलावून घेतले; त्या वर्षीचा सर्वोच्च हाइझमन पुरस्कार त्याला मिळाला तो त्यानंतर. व्ही-१२ मधून बाहेर पडलेले कित्येक तरुण इवो जिमा आणि ओकिनावा इथे लढले, म्हणजे ज्या महासागराचे नाव या कॉलेजाने घेतले होते त्याच महासागरात. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. पहाटे रस्त्याने धावणारे रंगरूट मी लहानपणापासून पाहतो. पूर्वी ते मोठे वाटत. आता माझ्याच वयाचे दिसतात.

स्टॅगनी १९४६ च्या हंगामानंतर पॅसिफिक सोडले. चौदा वर्षांची त्यांची तिथली बेरीज : साठ विजय, सत्त्याहत्तर पराभव, सात बरोबरी. १९६५ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी ते स्टॉक्टनमध्येच वारले. कॉलेजचे पुढे विद्यापीठ झाले आणि १९९५ च्या हंगामानंतर त्याने फुटबॉलचा संघ बंद केला.