भीमा खोरे : एका दृष्टिक्षेपात

उगम ते संगम : भीमाशंकर (जि. पुणे) येथे उगम. सुमारे ८६१ किलोमीटर वाहून रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते. पंढरपुरात अर्धचंद्राकृती वळणामुळे नाव चंद्रभागा.

विस्तार : सुमारे ७० हजार चौ. किमी. दोन तृतीयांशांहून अधिक भाग महाराष्ट्रात, उरलेला बहुतांश कर्नाटकात.

उपनद्या : इंद्रायणी (संगम तुळापूर), मुळा-मुठा, घोड, नीरा (संगम नीरा-नरसिंहपूर), माण, सीना.

पाऊस : सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास, सोलापूरकडे जेमतेम ५०० ते ६०० मिमी.

जमीन : घाटमाथ्यावर जंगल, मावळात भातखाचरे, कालव्यांच्या पट्ट्यात ऊस. कोरडवाहू काळ्या रानात ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध. सांगोल्याच्या हलक्या माळरानावर डाळिंब.

लोकसंख्या (२०११) : पुणे जिल्हा ९४.३ लाख, सोलापूर जिल्हा ४३.२ लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही महानगरे वरच्या अंगाला, त्यामुळे त्यांचे सांडपाणीही खाली उजनी धरणाकडेच येते.

उजनी धरण : एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा! टक्केवारी मृतसाठ्याच्या वरच्या पाण्यावर मोजतात; म्हणूनच ऐन उन्हाळ्यात धरण ‘उणे’ टक्क्यांत गेल्याच्या बातम्या येतात, तरी तळाशी पाणी असतेच.

उलटी वाट : मुळशीसह टाटांच्या धरणांतले पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली सोडले जाते. पूर्वेला जाणारे हे पाणी अखेर कोकणात उतरते.